विश्लेषण : अमेरिकेला कमी गुण देणाऱ्या चिनी ‘दागाँग’चीच पत कशी घसरली?

१७ ऑगस्ट २०१८ रोजी चीनमध्ये ‘दागाँग ग्लोबल क्रेडिट रेटिंग’ या पतमानांकन संस्थेवर दोन ठिकाणांहून एकाच दिवशी कारवाई झाली. रोखे बाजाराच्या नियामकाने आणि वित्तसंस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला वर्षभर नवे काम घेण्यास मनाई केली. ज्या कंपन्यांना ही संस्था गुण देत होती, त्याच कंपन्यांकडून जबर शुल्क घेऊन ती त्यांना ‘सल्ला’ही देत होती, असा मुख्य ठपका होता. परीक्षकाने परीक्षेआधी त्याच विद्यार्थ्याची शिकवणी घ्यावी, तसाच हा प्रकार.

त्याच वर्षीच्या जानेवारीत याच दागाँगने अमेरिकेचे मानांकन खाली आणून तिला पेरू, कोलंबिया आणि तुर्कमेनिस्तानच्या रांगेत बसवले होते. अवघ्या सात महिन्यांत जगाला पत शिकवणाऱ्या संस्थेवर स्वतःची पत वाचवण्याची वेळ आली. ही हकिकत केवळ चीनची म्हणून सोडून देता येत नाही. पतमानांकन कोण करते आणि त्याचे पैसे कोण भरते, हा प्रश्न तुमच्या भविष्य निर्वाह निधीपर्यंत आणि डेट म्युच्युअल फंडापर्यंत येऊन पोहोचतो.

दागाँग आहे तरी काय?

कर्ज घेणारा ते फेडेल का, याचा अंदाज अक्षरांत सांगणे म्हणजे पतमानांकन. सर्वोच्च श्रेणी ‘एएए’. त्याखाली ‘एए’, ‘ए’, ‘बीबीबी’ अशी उतरंड, आणि प्रत्येक अक्षराला अधिक किंवा उणेची जोड. ‘बीबीबी उणे’च्या खाली गेले की तो कागद सट्ट्याचा मानला जातो. जागतिक बाजारात हे काम प्रामुख्याने एस अ‍ॅण्ड पी, मूडीज आणि फिच या तीन संस्था करतात.

दागाँगची स्थापना १९९४ मध्ये बीजिंगमध्ये झाली. चीनमध्ये कंपन्यांनी रोखे काढून पैसे उभारण्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि मध्यवर्ती बँकेच्या मान्यतेने मानांकन संस्था उभ्या राहत होत्या. १९९९ पासून काही वर्षे दागाँगने मूडीजबरोबर सहकार्य केले, पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. संस्था खासगी होती आणि ग्वान जियानझोंग हे तिचे अध्यक्ष होते. त्यांच्या भाषणांतून आणि लेखांतून मात्र एखाद्या सरकारी प्रवक्त्यालाही मागे टाकेल असा राष्ट्रवाद दिसे. चिनी भाषेत ‘दागाँग’ या शब्दाला निःपक्षपातीपणाचा अर्थ आहे. हे नाव पुढे चांगलेच अंगाशी आले.

पाश्चात्त्य संस्थांवर तिचा राग कशासाठी?

हा राग अगदीच निराधार नव्हता. दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक असलेली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या चारच दिवस आधीपर्यंत तिचे रोखे गुंतवणूकयोग्य श्रेणीत होते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, तेव्हाही तिला ‘ए’ गटातले मानांकन होते. अमेरिकेतील गृहकर्जांची मोट बांधून तयार केलेल्या हजारो रोख्यांवर ‘एएए’चा शिक्का मारला गेला होता. त्यातले बरेचसे पुढे कवडीमोल झाले. या प्रकरणी तडजोड म्हणून एस अ‍ॅण्ड पीने २०१५ मध्ये सुमारे १३७.५ कोटी डॉलर, तर मूडीजने २०१७ मध्ये सुमारे ८६.४ कोटी डॉलर मोजले.

दुखण्याचे मूळ जुने आहे. जॉन मूडी यांनी १९०९ मध्ये अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना श्रेणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे पुस्तक गुंतवणूकदार विकत घेत. म्हणजे परीक्षकाला पैसे देत होता तो पैसे गुंतवणारा. १९७०च्या दशकात ही पद्धत उलटली. छायाप्रती काढण्याची यंत्रे आल्यावर पुस्तक विकून भागेना, आणि रोखे काढणारी कंपनीच मानांकनाचे शुल्क भरू लागली. तेव्हापासून ज्याचे गुण ठरवायचे त्याच्याच खिशातून परीक्षकाचे मानधन येते.

ग्वान यांच्या टीकेचा रोख मात्र या शुल्कापेक्षा विचारसरणीवर अधिक होता. पाश्चात्त्य संस्था लोकशाही, दरडोई उत्पन्न, मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता अशा निकषांवर कर्जबाजारी श्रीमंत देशांना वर ठेवतात आणि जगाला कर्ज देणाऱ्या चीनसारख्या देशाला खाली ढकलतात, असे त्यांचे म्हणणे होते. जगातला सर्वात मोठा ऋणकोच आपल्या पतीचा निवाडा करतो, हा त्यांचा आवडता मुद्दा.

दागाँगची पद्धत वेगळी कशी?

जुलै २०१० मध्ये तिने ५० देशांच्या मानांकनांचा अहवाल काढला. पाश्चात्त्येतर संस्थेने इतक्या देशांना एकदम गुण देण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. त्यासाठी पाच गोष्टी तपासल्या होत्या : राज्यकारभाराची क्षमता, आर्थिक ताकद, वित्तीय व्यवस्थेची ताकद, सरकारी तिजोरीची स्थिती आणि परकीय चलनसाठा. देशाच्या स्वतःच्या चलनातले कर्ज आणि परकीय चलनातले कर्ज यांना वेगवेगळे गुण होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना होती. कर्ज फेडण्याचा खरा स्रोत म्हणजे नवी संपत्ती निर्माण करण्याची क्षमता. घरातले उदाहरण घेतले तर एक कुटुंब पगारातून घराचा हप्ता भरते. दुसरे कुटुंब एका क्रेडिट कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डावरून भागवते. दोघांचेही हप्ते आजवर वेळेवर गेलेले असतील. दागाँग म्हणते, दुसऱ्याला कमी गुण द्या. फेडीसाठी वापरला जाणारा पैसा प्रत्यक्ष कमाईपासून जितका लांब गेला तितकी जोखीम वाढली, हे तिच्या पद्धतीचे सूत्र.

अमेरिकेच्या बाबतीत हे सूत्र थेट डॉलरला जाऊन भिडते. अमेरिका आपल्याच चलनात कर्ज घेते आणि ते चलन ती स्वतःच छापते. प्रस्थापित संस्थांच्या लेखी ही ताकद आहे, कारण असा देश पैशांअभावी कर्ज बुडवण्याची शक्यता जवळपास नसते. दागाँगच्या लेखी हाच दोष आहे. नोटा छापून कर्ज फेडले तर धनकोच्या हाती आकडा तोच पडतो, पण त्याचे मोल घटते. ही एक प्रकारची अर्धवट बुडवणूकच, असा तिचा दावा.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महागाईने मुदत ठेवीचे व्याज खाऊन टाकलेले पाहणाऱ्या कोणालाही तो पटेल. पण पतमानांकनाचा प्रश्न मर्यादित असतो. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी मिळेल का, एवढेच तिथे पाहायचे असते. पैशाचे मोल घटण्याची जोखीम खरी असली तरी ती व्याजदरात आणि विनिमय दरात मोजली जाते. दागाँगने दोन वेगळ्या जोखमी एकाच अक्षरात कोंबल्या.

शिवाय पाच निकष पुन्हा एकदा वाचा. परकीय चलनसाठ्याला स्वतंत्र रकाना आहे, आणि तेव्हा जगातला सर्वात मोठा साठा चीनकडे होता. राज्यकारभाराची क्षमताही स्वतंत्रपणे मोजली आहे. ती सत्तेच्या स्थैर्यावर मोजली तर एकपक्षीय राजवटीला फायदा, न्यायालये आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर मोजली तर तोटा. निकष निवडतानाच निम्मा निकाल लागतो. पाश्चात्त्य संस्थांवर दागाँग हाच आरोप करत होती, आणि तो तिलाही तंतोतंत लागू पडत होता.

अमेरिकेला नेमके किती गुण मिळाले?

पहिल्याच यादीत अमेरिकेला ‘एए’ आणि नकारात्मक दृष्टिकोन मिळाला, तर चीनला स्वतःच्या चलनात ‘एए अधिक’ आणि परकीय चलनात ‘एएए’. अमेरिकी मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदीची दुसरी फेरी जाहीर करताच नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिका ‘ए अधिक’वर आली. ३ ऑगस्ट २०११ रोजी, कर्जमर्यादेवरून वॉशिंग्टनमध्ये झालेल्या रस्सीखेचीनंतर, ‘ए’. दोनच दिवसांनी एस अ‍ॅण्ड पीनेही अमेरिकेचे ‘एएए’ काढून घेतले. दागाँगसाठी हा अभिमानाचा क्षण होता. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाल्यावर ‘ए उणे’, आणि जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या करकपातीनंतर ‘बीबीबी अधिक’.

बाजाराने काय केले? जवळपास काहीच नाही. २०११ मध्ये तर मानांकन घटूनही गुंतवणूकदार अमेरिकी रोख्यांकडेच धावले आणि त्यांवरील परतावा खाली आला. दागाँग घंटा वाजवत होती तेव्हा चीन सरकार स्वतः लाख कोटी डॉलरहून अधिक रकमेचे अमेरिकी रोखे बाळगून होते. घरच्यांनीच सल्ला मानला नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी का मानावा?

तरीही महत्त्वाकांक्षा थांबली नाही. अमेरिकेत अधिकृत दर्जा मिळावा म्हणून दागाँगने अर्ज केला होता. सप्टेंबर २०१० मध्ये तेथील रोखे बाजार नियामकाने तो फेटाळला. मानांकनाची कागदपत्रे मागितली तर चिनी कायद्यामुळे दागाँग ती देऊ शकणार नाही, हे कारण होते. दागाँगने याला भेदभाव म्हटले. तपासणीला कागद न देणाऱ्या परीक्षकाला कोणताही नियामक मान्यता देणार नाही, हेही तितकेच खरे. युरोपात मात्र २०१३ मध्ये मिलान येथील तिच्या शाखेला नोंदणी मिळाली. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये एका अमेरिकी आणि एका रशियन संस्थेला सोबत घेऊन ‘युनिव्हर्सल क्रेडिट रेटिंग ग्रुप’ स्थापन झाला. त्याचा फारसा ठसा उमटला नाही.

रेल्वे मंत्रालय देशापेक्षाही पतवान?

२३ जुलै २०११ रोजी चीनमध्ये वेनझोऊजवळ दोन वेगवान रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन ४० जण दगावले. रेल्वे मंत्रालयावर तेव्हा सुमारे २ लाख कोटी युआनचे कर्ज होते, भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून रेल्वेमंत्र्यांना आधीच पदावरून हटवले गेले होते आणि जनमत खवळलेले होते. अशा वेळी दागाँगने या मंत्रालयाच्या रोख्यांना ‘एएए’ कायम ठेवले. खुद्द चीन देशाला तिने स्वतःच्या चलनात दिलेले मानांकन होते ‘एए अधिक’. म्हणजे सरकारचे एक खाते सरकारपेक्षा अधिक पतवान! चिनी समाजमाध्यमांवर या निर्णयाची यथेच्छ टिंगल झाली. २०१३ मध्ये ते मंत्रालयच बरखास्त झाले.

दागाँगने दिलेले स्पष्टीकरण साधारण असे होते की, देशाची श्रेणी आणि देशांतर्गत रोख्यांची श्रेणी या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल. पण बाहेर अमेरिकेला छडी आणि घरात मंत्रालयाला शंभरपैकी शंभर, हे चित्र लोकांच्या डोक्यातून गेले नाही.

घरच्या बाजारात सगळेच हुशार कसे?

दोष एकट्या दागाँगचा नव्हता. चीनमधील बहुतांश कंपनी रोख्यांना ‘एए’ किंवा त्याहून वरची श्रेणी असते. तिथे ‘एए उणे’ म्हणजे जवळपास नापासच. वर्गातल्या सगळ्यांना नव्वद टक्के मिळाले, तर गुणपत्रिकेवरून काय कळणार?

यामागे इतिहास आहे. मार्च २०१४ मध्ये शांघायच्या चाओरी सोलर कंपनीने व्याज थकवले, तोपर्यंत चीनच्या सार्वजनिक रोखे बाजारात एकही रोखा बुडालेला नव्हता. कंपनी अडचणीत आली की स्थानिक सरकार किंवा सरकारी बँक धावून येई. साहजिकच मानांकन करणारे ताळेबंदापेक्षा मालक कोण, हे आधी बघत. ठरावीक श्रेणीखालच्या कागदांत गुंतवणूक करू नये, असे नियम असल्याने कंपन्याही चांगल्या श्रेणीसाठी अडून बसत आणि एका संस्थेने नकार दिला तर दुसरीकडे जात. एव्हरग्रांड हे त्याचे ठळक उदाहरण. २०२१ मध्ये या गृहबांधणी समूहाच्या मुख्य कंपनीला चीनमध्ये ‘एएए’ होते. त्याच समूहाला परदेशी बाजारात ‘बी’ गटातली, म्हणजे सट्ट्याची श्रेणी होती. चीनमधली ती ‘एएए’ श्रेणी दागाँगची नव्हती, दुसऱ्या एका मोठ्या चिनी संस्थेची होती. म्हणूनच ते उदाहरण अधिक बोलके ठरते.

मग २०१८ मध्ये दागाँगच का सापडली?

नियामकांच्या आदेशात सल्ल्याच्या व्यवसायाखेरीज आणखी बरेच काही होते. संस्थेचा अंतर्गत कारभार विस्कळीत होता. काही वरिष्ठ अधिकारी आणि मानांकन समितीचे सदस्य आवश्यक पात्रतेचे नव्हते. काही मानांकनांच्या फायलींतले कागद गहाळ होते आणि गणितातली आकडेवारी अपुरी होती. चौकशीत दिलेली माहितीही खोटी निघाली. जगाला नवी, शास्त्रशुद्ध पद्धत देऊ पाहणाऱ्या संस्थेकडे स्वतःच्या मानांकनांचे पूर्ण टिपण नसावे, ही सर्वात लाजिरवाणी बाब. आठ वर्षांपूर्वी अमेरिकी नियामकाने अर्ज नाकारला तोही कागदपत्रांच्याच मुद्द्यावर, हे इथे आठवते.

त्या वर्षी चीनमध्ये कर्ज थकवणाऱ्या कंपन्यांची संख्या वाढली होती आणि परदेशी मानांकन संस्थांना दार उघडण्याची तयारी सुरू होती. बाजार शिस्तीत आणल्याचे दाखवणे सरकारला गरजेचे होते. जानेवारी २०१९ मध्ये एस अ‍ॅण्ड पीला पूर्ण मालकीची कंपनी काढून चीनच्या देशांतर्गत बाजारात मानांकन करण्याची परवानगी मिळाली. ज्या पाश्चात्त्य संस्थांविरुद्ध दागाँगने आयुष्यभर रान उठवले, त्यांच्यातल्या एकीला तिच्याच निलंबनाच्या काळात अंगण मोकळे झाले.

एप्रिल २०१९ मध्ये ‘चायना रिफॉर्म होल्डिंग्ज’ या सरकारी कंपनीने दागाँगचा ५८ टक्के हिस्सा घेतला. वर्षअखेरीस संस्थेचे काम पुन्हा सुरू झाले. आता सरकारी मालकीची संस्था सरकारी कंपन्यांना गुण देते. सल्ल्याच्या शुल्काचा प्रश्न मिटला असेल, मालकीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये योंगचेंग ही सरकारी कोळसा कंपनी ‘एएए’ मानांकन असतानाच (तेही अन्य संस्थेने दिलेले) हप्ता चुकवून बसली. त्यानंतर २०२१ मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने अन्य खात्यांसह नवे नियम आणले. एखाद्या श्रेणीतले किती रोखे प्रत्यक्षात बुडाले, यावरून मानांकन संस्थेचा दर्जा तपासावा, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे.

भारताशी याचा संबंध काय?

पाश्चात्त्य संस्थांबद्दलची तक्रार आपलीही आहे. २०२०-२१ च्या आर्थिक पाहणी अहवालात भारताचे मानांकन वास्तवाला धरून नसल्याचे एक अख्खे प्रकरणच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यात झालेल्या ब्रिक्स परिषदेच्या जाहीरनाम्यात स्वतंत्र ब्रिक्स मानांकन संस्थेच्या शक्यतेचे स्वागत करण्यात आले होते. ती संस्था अद्याप उभी राहिलेली नाही. सदस्य देशांच्याच पैशांवर चालणारी संस्था त्या देशांना निःपक्षपाती गुण देईल, हे गुंतवणूकदारांना कसे पटवायचे, हा पेच तेव्हाही होता. दरम्यान, मुंबईच्या केअर समूहाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३९ देशांची मानांकने जाहीर केली, तर एस अ‍ॅण्ड पीने ऑगस्ट २०२५ मध्ये भारताची श्रेणी ‘बीबीबी’पर्यंत उंचावली.

घरच्या परीक्षकांचे काय? बीजिंगमध्ये दागाँगवर बंदी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील आयएल अ‍ॅण्ड एफएस समूह कोलमडला. समूहावर ९० हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्याला ‘एएए’ होते, आणि सप्टेंबरात थेट ‘डी’, म्हणजे थकबाकीदार. भविष्य निर्वाह निधीचे आणि म्युच्युअल फंडांचे पैसे त्यात अडकले. डिसेंबर २०१९ मध्ये ‘सेबी’ने तीन मानांकन संस्थांना प्रत्येकी २५ लाख रुपये दंड ठोठावला. बुडालेल्या रकमेपुढे हा दंड म्हणजे दर्या में खसखस.

कोणत्या श्रेणीतले किती रोखे पुढे बुडाले, याची आकडेवारी भारतातील मानांकन संस्थांनाही आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागते. तुमच्या डेट फंडाच्या मासिक माहितीपत्रकात कोणत्या कंपनीचे किती रोखे आहेत आणि त्यांची श्रेणी काय, हे छापलेले असते. श्रेणी देणाऱ्या संस्थेचे नावही अनेकदा तिथेच असते. ते नाव आणि ती आकडेवारी शेजारी ठेवून पाहायला मोबाइलवर पाच मिनिटे पुरतात.